पंप घेतलेलं वानर

फुलसावंगीत चावडीच्या तिरप्यात निजामुद्दीन मिस्त्रीचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाला लागून गोणपाटाचा पडदा, पडद्यामागे अंगण, आणि अंगणात चुलीपुढे घामाघूम झालेली त्याची लेक गौहर. गौहरला आई नव्हती. घर तिची आत्या, रौशन फुफी, सांभाळत होती, आणि फुफीचं अख्खं आयुष्य त्या वर्षी गौहरच्या रोटीभोवती फिरत होतं. रोटी काही गोल येत नव्हती. एखादी लांबुळकी यायची, एखादीला कोपरे यायचे, एखादीला तर चक्क शेपूट यायचं. फुफी ती रोटी उजेडाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "सासरवाले पूछेंगे, लड़की ने रोटी बनाई के कुर्ता बेता?"

एका दुपारी हे बोलणं गौहरच्या फारच जिव्हारी लागलं. ती जुन्या टायरांच्या ढिगामागे जाऊन बसली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा असतो. शेजारी सायकलच्या घंटीचं रिकामं खोकं पडलं होतं. तिनं त्याचा तळहाताएवढा तुकडा फाडला, काडीच्या टोकानं चुलीतलं काजळ घेतलं आणि एक कोंबडी काढली. कोंबडीच्या पायात बूट काढले. मग तिच्या डोक्यावर उन्हापासून बचावाला छत्री म्हणून करपलेली, तीन कोपऱ्यांची, शेपूटवाली रोटी धरली. कोंबडी मोठ्या रुबाबात बाजाराला निघाली होती. गौहरला नाक पुसता पुसता हसू फुटलं, आणि हसणं थांबेना तेव्हा फुफी आतून ओरडली की आता वेडही लागलं का.

दुसऱ्या दिवशी रोटी गोल झाली असं नाही. सांगणाऱ्यानं खोटं सांगू नये. रोटीला तेवढेच कोपरे होते, पण गौहरला रडू आलं नाही, आणि घाबरत घाबरत लाटायची ती जरा मोकळ्या हातानं लाटायला लागली. चित्र काही शिकवत नाही, पण चित्र बघून माणूस स्वतःवर हसला की त्याचे हात थरथरायचे थांबतात, एवढं तिच्या ध्यानात आलं. पुष्कळांना हे साठीतही कळत नाही.

मग तिला नादच लागला. खोक्यांना दुकानात तोटा नव्हता. मडगार्डला देऊन उरलेला रंग डब्यांच्या तळाशी असायचाच. निळा हवा तर कपड्यांची नीळ, पिवळा हवा तर हळद, आणि काडीला बकरीचे केस बांधले की झाला ब्रश. अडचण एकच होती, फुफी. जीव असलेल्याची तस्वीर काढू नये, असं फुफीचं म्हणणं. अल्लानं बनवलेल्याची आपण नक्कल करायची नसते. गौहरनं यावर विचार केला आणि विचारलं, "फुफी, बूट घातलेली कोंबडी अल्लानं कुठं बनवली आहे? मग नक्कल कशाची?" फुफीनं उत्तर शोधायला वेळ मागून घेतला. ते उत्तर तिला कधी सापडलं नाही, आणि तोवर घरात चष्मेवाला कोल्हा, टोपी शिवणारं कासव आणि मिशांना तेल लावणारी पाल जमा झाली.

आधी गौहर स्वतःपुरतीच काढायची, मग मैत्रिणींसाठी काढू लागली. तांड्यावरून दूध घेऊन येणारी जमनी लग्न होऊन सासरी जायची होती. तिला नवऱ्याची धास्ती नव्हती, एसटीची होती. गाडीत बसलं की तिचं पोट ढवळून निघायचं. गौहरनं तिला एक म्हैस काढून दिली. म्हैस एसटीच्या खिडकीत बसलेली, डोक्यावरून ओढणी, तोंडात लिंबू आणि डोळ्यांत 'आता काय करता' असा भाव. जमनीनं ते चित्र चोळीत घातलं आणि निघून गेली. पुढे माहेरी आली तेव्हा तिनं सांगितलं की उलटी झालीच, पण मधल्या थांब्यापर्यंत ती हसत होती आणि नवरा विचारत होता की ही कायले हसून राह्यली.

तर अशी ही गौहर, आणि तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण म्हणजे उकंडाची जया.

जया वेशीपलीकडच्या बौद्ध वस्तीतली. उकंडानं छप्पन सालीच नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आला त्याच दिवशी घराच्या भिंतीतल्या देवळीतले देव टोपलीत भरले आणि नाल्याच्या डोहात सोडून आला. पोरीला मात्र त्यानं शाळेतून काढलं नाही. वस्तीतली सातवी पास झालेली ती पहिली मुलगी. आता महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं, आणि ब्लॉकच्या हापिसाकडून निरोप आला होता की ग्रामसेविका निवडायच्या आहेत. मुख्यसेविका बाई पुढच्या बाजाराच्या दिवशी गावात येणार, बोलून बघणार, आणि निवड झाली की शहरात ट्रेनिंग. अट अशी होती की उमेदवार मुलीला सायकल आली पाहिजे. पाच-सहा खेड्यांत फिरायचं तर पायी कोण फिरणार?

सायकल निजामुद्दीननं दिली. तीन मोडक्या सायकलींतून जुळवलेली, मधली दांडी नसलेली. शिकवलीही त्यानंच, शाळेमागच्या पटांगणात, सकाळी. "सामने देख बेटी, चाक को मत देख," एवढा एकच धडा तो देत होता, आणि जया नेमकी चाकाकडे बघत होती. पायडलवर पाय ठेवला की पोटऱ्या लटलट कापायच्या. एकदा ती तुराट्यांच्या गंजीत शिरली, एकदा उकिरड्यात, आणि एकदा गुरं पाणी पितात त्या हौदात. हौदातून निघाल्यावर तिनं गौहरच्या अंगणात पातळ पिळलं आणि म्हणाली, "होत नाही माह्यानं. मी घरी बसतो."

"बस न," गौहर म्हणाली, "पण उद्या बस."

त्याच संध्याकाळी तिनं वानर काढलं. वानर सायकलवर, पातळाचा काष्टा घातलेला, शेपूट उंच उभारून त्याच्या टोकाला घंटी बांधलेली, आणि चेहऱ्यावर गावच्या जावयाचा तोरा. सायकलच्या दुकानात वाढलेली पोर ती. वाटेत चाकातली हवा गेली तर काय करणार, हा विचार तिच्या मनात येणारच. म्हणून तिनं वानराच्या खांद्यावर हवा भरायचा पंप दिला. त्या दिवशी डब्यात फक्त टांगेवाल्याच्या चाकांना दिलेला शेंदरी रंग उरला होता, तो वानराच्या अंगभर गेला. जयानं चित्र पाहिलं आणि ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पटांगणाचा अख्खा फेरा मारून आली, एकदाही न पडता. गौहरला वाटलं, झालं आपलं काम.

काम कसलं झालं होतं.

बाजाराला दोन दिवस राहिले असताना उकंडा दुकानापुढे येऊन उभा राहिला. उकंडा म्हणजे काटकुळा, झुबकेदार मिशांचा, कमी बोलणारा माणूस. आज त्याच्या हातात पळसाचं पान होतं, आणि ते तो अंगापासून लांब धरून चालत आला होता.

"जय भीम, मिस्त्री."

"आओ उकंडाभाऊ," निजामुद्दीन म्हणाला. "बसो."

"बसायले नाही आलो. हे तुमच्या घरचं आहे म्हनते. पाहा."

त्यानं पान उलगडलं. आत वानर होतं. गौहर पडद्याआडून बघत होती, ती पुढे आली. उकंडाच्या मागून जयाही धावत आली होती आणि धापा टाकत दाराशी थांबली होती.

"हा कोन आहे, पोरी?" उकंडानं विचारलं.

"वानर आहे, काका."

"ते दिसते मले. नाव सांग त्याचं."

"वानराले काय नाव राह्यते?"

"त्याच्या खांद्यावर काय आहे?"

"पंप."

"गदा आहे ते."

"पंप आहे, काका. चाक बसलं तं हवा भरायले लागते न."

निजामुद्दीनला वाटलं, शब्दानं पटत नाही तर वस्तूनं पटेल. तो आत गेला, दुकानातला पंप घेऊन आला आणि खांद्यावर ठेवून उभा राहिला. दुसरा हात कुठे ठेवावा ते न कळून त्यानं तो कमरेवर ठेवला. उकंडानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हताश आवाजात म्हणाला, "असाच उभा राहत होतो मी."

आता हे सांगायला हवं की उकंडानं कित्येक वर्षं वस्तीच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळात, मारोतीचं सोंग घेतलं होतं. अंगाला शेंदरी रंग, मागे दोराचं शेपूट, खांद्यावर भोपळ्याची गदा. त्याची उडी बघायला शेजारच्या गावांहून लोक यायचे. दीक्षा घेतल्यावर त्यानं सोंग सोडलं ते सोडलंच. पण ज्या माणसानं इतकी वर्षं स्वतः ते रूप घेतलं त्याला शेंदरी वानर दाखवून हा पंप आहे असं सांगणं म्हणजे सोपं काम नव्हतं.

"अन् शेंदूर?" त्यानं विचारलं.

"टांग्याच्या चाकाचा रंग आहे. दुसरा नव्हता."

"अन् मंग देवळीत काहून बसोलं होतं?"

आता सगळे जयाकडे बघायला लागले. जयानं खाली बघितलं. "बावा, खाली उंदरं कुरतडतेत. घरात तेच एक जागा उंच आहे."

"देवळी मी माह्या हातानं रिकामी केली," उकंडा म्हणाला. "डोहात सोडून आलो सारे. सकाळी पाह्यतो तं हा बसला आहे. वस्तीतलं कोनी आलं असतं तं काय सांगतलं असतं मी? उकंडाच्या पोरीनं चोरून नवस केला, सायकल येऊ दे म्हनून?"

"नवस नाही केला, बावा. धीर यावा म्हनून ठेवलं."

"धीरासाठीच तं लोकं देव ठेवतेत. आपन काय वेगळं केलं मंग?"

प्रश्न खराच होता. उकंडानं पान पुन्हा मिटलं आणि निजामुद्दीनच्या बसायच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलं. "सायकल परत घ्या, मिस्त्री. ग्रामसेविका नाही अन् काही नाही. तिले मी पाठवत नाही."

जयाला सातवीपर्यंत पोचायला काय काय झालं होतं ते गौहरला माहीत होतं. आणि आता ते सगळं तिच्या एका वानरानं बुडवलं होतं. स्वतःला हसू यावं म्हणून सुरू केलेला खेळ मैत्रिणीच्या गळ्याशी आला होता. तिला रडावंसं वाटलं, पण रडण्याला वेळ नव्हता.

"काका," ती म्हणाली, "देव आहे म्हनून नाही धीर येत. त्याले पाहून हसू येते. हसू आलं का पाय कापत नाही. एवढंच आहे. वानर नाही पायजे तं मी दुसरं काढतो. तुम्हीच सांगा कोनतं काढू. उंदीर काढू?"

"उंदीर गनपतीचा," उकंडा म्हणाला.

"मंग मोर."

"सरस्वतीचा."

"बैल?"

"बैल महादेवाचा. हे तुले बी माहीत आहे."

"कुत्रं तं कोनाचंच नाही."

"खंडोबाचं आहे. दत्ताजवळ तं चार आहेत."

गौहर हट्टाला पेटली. तिनं रेडा काढायचं म्हटलं, तो यमाचा निघाला. गाढव शीतलामायचं. घुबड लक्ष्मीचं. मांजर सटवाईचं. मासा, कासव आणि डुक्कर यांच्यावर तर उकंडा बोललाच नाही, हात हलवून त्यानं ते तिन्ही एकदमच अवतारांत टाकले. बेडूक म्हटलं तर तो देवाकडे पाऊस मागायच्या धोंडीला लागतो, आणि कावळा पित्तरांचा. देव डोहात गेले होते, पण त्यांची वाहनं उकंडाच्या डोक्यात अजून दावणीला बांधलेली होती, आणि हे जसजसं त्याचं त्यालाच कळत गेलं तसतसा तो जास्त चिडत गेला.

"ऊँट," चुलीपाशी बसून सगळं ऐकणारी रौशन फुफी मध्येच म्हणाली. तिला चित्रं नको होती, पण हार मानणंही नको होतं.

उकंडानं विचार केला. "उंट बी असंन कोन्या देवीचा. विचारा लागंन."

"चिमणी," गौहर म्हणाली.

उकंडा थांबला. त्यानं डोळे मिटले, मिशीवरून हात फिरवला, मनातल्या मनात सगळ्या देवळांची फेरी मारून आला. चिमणीवर कोणी बसलेलं त्याला आठवेना. जयाच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पण निजामुद्दीनला राहवलं नाही. धंद्यातला माणूस तो. "चिड़िया का पाँव पायडल तक नहीं पहुँचेगा," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पंप खाली ठेवून दिला.

"मंग मानूस काढतो," गौहर वैतागून म्हणाली. "मानूस कोनाचं वाहन आहे, सांगा."

उकंडानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"लय जनाचं वाहन होता," तो शेवटी म्हणाला. "लय बसले त्याच्यावर. तूच काढ आता. रिकाम्या पाठीचा काढ."

मग पान बाजूला सरकवून तो ठोकळ्यावर बसला. बसायला नाही आलो म्हणणारा माणूस बसला, आणि कधी न बोलणारा बोलायला लागला. "हे पाहा, मिस्त्री. चावडीपुढून जाची वेळ आली का आमचे बुढे वहाना काढून हातात घेत. मी बी घेतल्या. आता कोनी म्हनत नाही घे म्हनून. पन मी अजून बी तेथं आलो का हात खाली जाते आपसूक. आज येतानी बी आल्या होत्या हातात. अन् माही पोट्टी त्याच रस्त्यानं सायकलवर बसून जाईन. कोनी खेकसलं, अन् तिनं हॅन्डल सोडलं तं? मले रात-दिन तेच दिसते. वानर तं उगाच सापडलं मले."

जया बापाकडे बघत राहिली. बाप घाबरतो हे तिला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तिला वाटायचं, भीती ही फक्त सायकलवर बसणाऱ्याला वाटते.

गौहर टायरांमागे गेली. तिनं खोक्याचा एक तुकडा घेतला आणि जमिनीवर मांडी घालून काढायला बसली. तिनं देवांची सगळी वाहनं काढली, पण सुट्टीवर गेलेली. मोर आणि उंदीर हाटेलात चहा पीत होते, उंदराचे दोन्ही हात कपाला. बैल निंबाखाली पाय पसरून झोपलेला, तोंडावर टोपी. रेडा आरशात बघून भांग पाडत होता. घुबड आणि मांजर पत्ते खेळत होती, आणि घुबड बघत नाही असं बघून मांजर एक पान शेपटीखाली सरकवत होती. आणि या सगळ्यांच्या मधून एक काटकुळा माणूस दोन्ही हात मागे बांधून चालला होता. त्याच्या पाठीवर काही नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं. त्याला घाईही नव्हती.

उकंडानं चित्र हातात घेतलं. या वेळी पान मागितलं नाही. तो एकेका जनावराकडे बघत गेला, मांजरीशी थांबला, मग माणसाशी थांबला.

"माही मिशी अशी नाही," तो म्हणाला.

"हे तुम्ही नाही, काका. मानूस आहे."

"मंग मिशी माही काहून आहे?"

आणि तो हसला. गौहरनं त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं. जयानंही बहुतेक दंडार सुटल्यापासून पाहिलं नसावं, कारण ती एकदम रडायला लागली. उकंडानं चित्र टोपीच्या घडीत ठेवलं, टोपी डोक्यावर घातली आणि उठला. "सायकल असू द्या तिच्यापाशी," तो निजामुद्दीनला म्हणाला. "वानर मात्र तुमच्या इथंच ठेवा."

निजामुद्दीननं वानर दुकानात पंपाच्या खिळ्याला अडकवलं. दुसऱ्याच दिवशी चाक सरळ करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्याला दोन्ही हात जोडले. उकंडाचं म्हणणं अगदीच काही वावगं नव्हतं म्हणायचं. फुफीनं ते तिथून काढलं आणि पिठाच्या डब्यामागे टाकलं.

बाजाराच्या दिवशी मुख्यसेविका बाई दुपारच्या गाडीनं उतरल्या. पांढरं पातळ, जाड काचांचा चष्मा आणि कामापुरतं बोलणं. निजामुद्दीनच्या दुकानापुढे चांगलीच गर्दी जमली होती. बाजारात आलेल्यांना फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? बाईंनी जयाला लस, खत, बाळंतपण असं काहीबाही विचारलं, आणि जयानं नीट उत्तरं दिली. मग बाई म्हणाल्या, "आता सायकल. इथून चावडीवरून शाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं. पण रिकामी नाही. खेड्यात रिकाम्या सायकलवर कोणी पाठवत नाही. औषधांची पेटी असते, बियाणं असतं. मागे वजन घे."

वजनाचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. धावपळ झाली. कोणीतरी सरकीची गोणी आणली, ती कॅरिअरवर आडवी टाकली, पण बांधायला धड दोर मिळेना. जया बसली, पायडल मारलं, आणि गोणी एका अंगाला लोंबायला लागली. सायकल कलंडली. जयाचा पाय जमिनीला टेकला. गर्दीतून कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यांदा बसली तर गोणी दुसऱ्या अंगाला गेली. गौहर पडद्याआडून बघत होती. जया पुन्हा चाकाकडे बघायला लागली होती. आता या घडीला कुठला रंग आणि कुठलं खोकं? गौहरला जन्मात पहिल्यांदा आपलं चित्र अगदी बिनकामाचं वाटलं.

उकंडा गर्दीच्या कडेला उभा होता. चावडीपुढून आला होता, म्हणून वहाणा हातात होत्या. त्यानं त्या खाली टाकल्या, पायात घातल्या आणि पुढे आला.

"गोनी हालते, बाई," तो मुख्यसेविका बाईंना म्हणाला. "मी बसतो मांगं. गोनीएवढाच आहो मी."

बाईंनी चष्म्यातून त्याला वरपासून खालपर्यंत मापलं. "हलणार का?"

"नाही."

"आधी कधी बसला आहात सायकलवर?"

"नाही," उकंडा म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

बाईंनी गोणी काढायला सांगितली. उकंडा कॅरिअरवर बसला, दोन्ही हातांनी सीटची दांडी घट्ट पकडली आणि पाय दोन्हीकडे फाकवून धरले, गौहरच्या चित्रातलं एखादं जनावर बसावं तसा. गर्दी हसली. जयानं मागे वळून बघितलं, बापाचा चेहरा पाहिला, आणि तिलाही हसू आलं. तिनं पायडल मारलं. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि मग सरळ झाली.

गौहर पडदा सोडून थेट रस्त्यावर आली. फुफीनं मागून हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही. सायकल चावडीकडे चालली होती. चावडीच्या ओट्यावर नेहमीची मंडळी बसली होती. सायकल ओट्याच्या बरोबरीला आली तसा उकंडाचा एक हात दांडीवरून सुटला आणि खाली गेला. गौहरनं तोंडावर ओढणी धरली. उजव्या पायातली वहाण निघाली, हातात आली. सायकल डगमगली.

"बावा, हालू नका," जया म्हणाली.

"उकंडा," ओट्यावरून म्हाताऱ्या पाटलानं हाक दिली, "पडशील रे. उतर खाली."

उकंडानं हातातल्या वहाणेकडे बघितलं, जणू ती कोणी दुसऱ्यानंच त्याच्या हातात दिली होती. मग चालत्या सायकलवर, जीभ दातांत धरून, त्यानं पाय वर घेतला आणि वहाण पुन्हा पायात सरकवली. नीट बसली की नाही ते अंगठा हलवून पाहिलं.

"उतरता येत नाही, पाटील," तो म्हणाला. "पोट्टीची परीक्षा आहे. मी वजन आहो."

जया समोर बघून पायडल मारत होती. सायकल ओट्यापुढून शाळेच्या अंगाला लागली, आणि मागे दोन्हीकडे उकंडाच्या पायातल्या वहाणा दिसत राहिल्या.